गुणिले नव्वद

भाच्याला स्टुटगार्टच्या एका कंपनीचं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे बहिणीच्या घरी जमलो होतो. वर्षाला ४८,३०० युरो. पत्र या हातातून त्या हातात फिरत होतं, तेवढ्यात शेजारच्या काकांनी मोबाइलवर आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "पन्नास लाख!" मग पेढे आले. त्या रात्री त्या घरात युरो हा शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही.

काकांचा गुणाकार बरोबर होता. युरो तेव्हा एकशे पाच रुपयांच्या घरात होता. पण त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही. २०२५ साली जर्मनीत ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसाला तिथे नोकरी करायचा परवाना, मिळवायला सर्वसाधारण पदवीधराचा किमान पगार ठरवून दिलेला होता, तो नेमका ४८,३०० युरो. टंचाईच्या पेशांना, म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर वगैरेंना, त्याहून थोडा कमी चालतो. आमचा भाचा लॉजिस्टिक्समधला. म्हणजे कंपनीने त्याला कायद्यानं देणं भाग होतं तेवढंच दिलं होतं, वर एक युरो नाही. आम्ही ज्याचे पेढे वाटत होतो तो तिथला उंबरठा होता.

महिन्याचे ४,०२५ युरो झाले. त्यातून आयकर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण २,६०० येतात. त्यातले आठ-नऊशे एका खोलीच्या भाड्याला, हीटिंगसकट. घर घेताना डिपॉझिट म्हणून तीन महिन्यांचं भाडं मागायची कायद्याने मुभा आहे. लोकल गाड्या, ट्राम, बस देशभर चालणारा पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो. मग किराणा, फोन, थंडीचे कपडे. काटकसरी मुलाकडे हजारभर युरो उरतील. बरा आकडा आहे, मी नावं ठेवत नाही. पण पन्नास लाखांच्या पॅकेजमधून वर्षाला साडेबारा लाख शिल्लक, असं त्या संध्याकाळी कोणी म्हणालं असतं, तर पेढ्यांचा बॉक्स पाव किलोचा आला असता.

हेही सांगायला हवं की कापलेले पैसे वाया गेलेले नाहीत. तिथे दवाखान्यात गेलं की कार्ड दाखवायचं, बिल येत नाही. अमेरिकेत तेवढं कापत नाहीत, पण विम्याचा हप्ता, विमा असूनही खिशातून भरायची रक्कम आणि मूल झालं तर पाळणाघराचा खर्च वेगळाच बसतो. दोन देशांचे कापाकापीआधीचे पगार शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाचं जेवणासकट भाडं आणि दुसऱ्याचं नुसतं भाडं ताडून पाहणं.

ही झाली जुनी चूक, घराघरातली. अलीकडे शिकल्यासवरल्या लोकांनी एक नवी चूक शोधून काढली आहे आणि ती जास्त ऐटीत मिरवते. ती गुणाकाराच्या उलटी, भागाकाराची. व्हॉट्सॲपवर तुम्हीही पाहिली असेल: पुण्यात वीस लाख मिळवणारा अमेरिकेत एक लाख डॉलर मिळवणाऱ्याच्या बरोबरीने जगतो, मग कशाला जाता परदेशी? खाली तीन अक्षरं: पीपीपी. क्रयशक्ती समानता.

कल्पना वाईट नाही. गुस्टाव्ह कासेल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने १९१८ साली तिला हे नाव दिलं. पहिल्या महायुद्धात सगळ्या चलनांचे दर विस्कटले होते आणि कोणत्या चलनाची खरी किंमत किती हे कशावरून ठरवायचं, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर साधं: त्या चलनात त्या देशात काय विकत मिळतं त्यावरून. १९६८ पासून संयुक्त राष्ट्रं आणि अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी देशोदेशीच्या किमती गोळा करायला सुरुवात केली. आज ते काम जागतिक बँकेच्या देखरेखीखाली चालतं. २०१७ च्या फेरीत भारताचा आकडा आला २०.६५. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे २० रुपये ६५ पैशांत. बाजारात तेव्हा डॉलरला ६५ रुपये मोजावे लागत होते.

हा तिपटीचा फरक कुठून येतो? भाच्याच्याच भाषेत सांगतो. त्याने तिथे चौकशी केली तर केस कापायला २८ युरो. पुण्यात तो दीडशे रुपयांत कापून घेत होता. स्टुटगार्टच्या सलूनवाल्याची कात्री काही वीसपट वेगाने चालत नाही. पण त्याच गावात मर्सिडीज आहे, पोर्शे आहे, बॉश आहे. तिथे माणूस यंत्रांच्या बळावर तासाला इतकं उत्पादन काढतो की त्याला भरघोस पगार परवडतो, आणि सलूनवाल्याला कमी दिलं तर तो उद्या कारखान्याच्या फाटकावर उभा राहील. म्हणून त्याचीही मजुरी वर खेचली जाते. गाड्या जहाजातून जगभर जातात, त्यांची किंमत सगळीकडे आसपास राहते. केस कापणं जहाजात भरता येत नाही. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं, आणि गरीब देश स्वस्त का असतात याचं त्याहून नेटकं उत्तर अजून माझ्या वाचनात नाही.

पण हे उत्तर नीट वाचलं तर भागाकारवाल्यांची ऐट उतरायला हवी. आपला देश स्वस्त आहे याचा अर्थ आपल्या देशात माणसाचा हात स्वस्त आहे. वीस लाखवाला पुण्यात राजासारखा राहतो, कारण पोळ्या करायला एक बाई येते, धुणीभांड्यांना दुसरी, गाडी पुसायला एक मुलगा, फाटकावर बारा तासांच्या पाळीने वॉचमन, आणि दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारा स्कूटरवरचा तरुण. या सगळ्यांचा पगार कमी आहे म्हणून याचा पगार मोठा वाटतो. तीन अक्षरांचा तो आकडा बाहेरून देशाची क्रयशक्ती म्हणून दिसतो, आत मात्र एका वर्गाची क्रयशक्ती आणि दुसऱ्या वर्गाची मजुरी एकाच ताटात वाढलेली असते.

पोळ्यांच्या बाईंना विचारा भारत स्वस्त आहे का. त्यांच्या घरी पोळ्या करायला कोणी येत नाही. स्वस्त हात त्यांच्या टोपलीतच, म्हणजे महिन्याच्या खरेदीतच, नाहीत, कारण ते हात त्या स्वतः विकतात. त्यांच्या टोपलीत गॅस सिलिंडर, गोडेतेल, मोबाइलचा रिचार्ज, मुलीच्या क्लासची फी आणि नवऱ्याची औषधं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा वाटा आपण बाहेरून आणतो, त्यातलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, आणि ते डॉलरच्या भावाने येतं. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. त्या नव्वदीशी माझ्यापेक्षा त्यांचं नातं जवळचं आहे, भले त्यांनी डॉलर कधी पाहिलेला नसेल.

आकडा काढणाऱ्यांच्याही अडचणी आहेत. कोणता तांदूळ धरायचा? कोलम, बासमती की रेशनचा? कोणतं घर? २००७ च्या डिसेंबरात नव्या पाहणीचे आकडे आले आणि चीनची अर्थव्यवस्था एका दिवसात कागदावर चाळीस टक्क्यांनी आटली, भारताचीही जवळपास तशीच. बीजिंगमध्ये किंवा बीडमध्ये कोणाच्या ताटातली भाकरी मात्र कमी झाली नाही. आणि इंटरनेटवर फुकट मिळणारे शहरांचे महागाईचे तक्ते तर बऱ्याचदा वापरणारेच भरतात. पुण्याची महागाई तिथे जो भरतो तो हिंजवडीत बसलेला असतो, हडपसरच्या भाजी मंडईतला हमाल नव्हे.

मग बरोबर हिशेब कोणता? तो मला अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडला नाही. मस्कतमध्ये सापडला.

१९९७ ते २००२ मी तिथे एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस होतो. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला, १९८६ पासून एका रियालला दोन डॉलर साठ सेंट. मी गेलो तेव्हा एक रियाल शंभर रुपयांच्या आसपास होता. आमच्या कॅम्पात गुहागरकडचे एक गवंडी होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडे शाळेची एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर रियाल: मेस, साबण, विडी, फोनकार्ड. उजव्या पानावर रुपये: आईचं औषधपाणी, भावाची फी, घराचे चिरे. डावं पान त्यांनी कधीही रुपयात मांडलं नाही. नवीन आलेली पोरं चहा पिताना म्हणायची, बापरे, एका चहाला दहा रुपये! चाचा म्हणायचे, "तू चहा इथे पितोस ना? मग इथल्या पैशात पी. गावाला पाठवशील तेवढंच गावच्या भावाने मोज." पगार रियालमध्ये, त्यातून डावं पान वजा, उरेल त्याला शंभरने गुणायचं. गुणाकार होता, पण तो शेवटी.

उरेल ते कसं उरायचं हेही लिहून ठेवतो. एका खोलीत आठ जण, दुमजली खाटा. दोन वर्षांनी एकदा घरी. आमच्या कंपनीत बऱ्याच जणांना मुंबईच्या एजंटने रुपयांत आकडा सांगितला होता, करारावर रियालमध्ये वेगळाच निघाला, आणि ओव्हरटाइम त्या रुपयांच्या आकड्यातच धरलेला होता. हिशेबनीस म्हणून ती पत्रकं मीच तयार करायचो, तेव्हा मी काही सोवळा नाही.

खरं तर कोकणाला ही वही नवी नव्हती. गिरणीत कामाला लागलेला रत्नागिरीचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होता. लालबाग-परळला गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण पाळ्या लावून झोपायचे, खानावळवाल्या बाईंकडे महिन्याचे पैसे भरून जेवायचे, आणि मनीऑर्डर लांजा-संगमेश्वरला जायची. चलन एकच, रुपया. पण मुंबईचा रुपया आणि गावचा रुपया यांच्यात अदृश्य विनिमय दर होता आणि तो प्रत्येक कामगाराला पाठ होता. पगार महाग जागी कमवायचा, संसार स्वस्त जागी करायचा, आणि दोन्हींतलं अंतर बायकोने एकटीने शेती करून भरायचं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा चूल मुंबईपेक्षा आधी कुठे विझली हे पोस्टमनला विचारायला हवं होतं.

सरकारलाही हे एका देशात समजतं. केंद्रीय कर्मचाऱ्याचं मूळ वेतन मुंबईत आणि मालवणात सारखंच, पण घरभाडं भत्ता मुंबई-पुण्यात तीस टक्के आणि लहान गावात दहा. महाराष्ट्रात किमान वेतनाची परिमंडळं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचा पगार तर न्यूयॉर्कला पाया धरून शहरागणिक वरखाली होतो. म्हणजे साहेब लोकांसाठी पगार आणि जागा यांचा मेळ घालायची पद्धत तयार आहे. मजूर पाठवायचा म्हटलं की ती कुठे जाते?

डिसेंबर २०२३ मध्ये हरियाणा सरकारच्या महामंडळाने इस्राएलसाठी दहा हजार बांधकाम मजुरांची जाहिरात काढली. महिना सुमारे ६,१०० शेकेल, रुपयांत सव्वा लाखाच्या वर. गर्दी उसळली, आणि उसळणारच. पण दोनच वर्षांपूर्वी लंडनच्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने तेल अवीवला जगातलं सर्वांत महाग शहर म्हटलं होतं, ही ओळ सव्वा लाखाच्या शेजारी कोण छापणार? युद्ध चालू होतं, त्याची तर किंमत कुठल्याच चलनात नाही. आता आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. स्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. इलेक्ट्रिशियन, परिचारिका, ड्रायव्हर जाणार असतील तर जावेत, भाषा शिकून जावेत. फक्त त्यांना गुणाकार करून दाखवू नका.

गंमत पाहा. देशाची ताकद सांगायची असते तेव्हा आपण जगातली तिसरी मोठी अर्थव्यवस्था असतो, क्रयशक्तीने मोजून. तेव्हा रुपया वीसला एक डॉलर असतो. तरुणाला परदेशी पाठवायचं असतं तेव्हा तोच रुपया नव्वदला एक. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. देशाचं एकूण उत्पादन मोजायला पहिला चांगला आहे, कारण डॉलर त्र्याऐंशीवरून नव्वदवर गेला म्हणून साताऱ्याच्या शेतकऱ्याची ज्वारी कमी पिकत नाही. तेल, विमानं, लॅपटॉप विकत घ्यायला मात्र नव्वदचाच लागतो. माझी तक्रार एवढीच, की कुठला आकडा कधी काढायचा हे ऐकणाऱ्याची छाती फुगवायच्या सोयीने ठरतं.

आणि मजुराची बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा काय झालं? आखाती देशांत जाणाऱ्या भारतीय कामगाराला किमान इतका पगार हवा, असा आकडा परराष्ट्र मंत्रालय डॉलरमध्ये ठरवून देतं. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनात, तो तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणला गेला. कारण सांगितलं गेलं की नाहीतर नोकऱ्या दुसऱ्या देशांच्या मजुरांकडे जातील. तेलंगणात त्याविरुद्ध लोक कोर्टात गेले, आरडाओरडा झाला, आणि पुढच्या वर्षी जुने आकडे परत आणले. परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत २०.५ टक्के, केरळच्याही पुढे, देशात पहिला. त्यात अमेरिकेतले इंजिनिअर मोठ्या संख्येने आहेत, मान्य. पण त्या कपातीबद्दल इथे कोणी आवाज उठवल्याचं मला आठवत नाही.

कतारने २०२१ मध्ये केलं ते मला जास्त प्रामाणिक वाटलं. किमान वेतन महिना एक हजार कतारी रियाल, आणि मालकाने जेवण-राहणं दिलं नाही तर जेवणाचे तीनशे आणि राहण्याचे पाचशे वेगळे. रक्कम तुटपुंजी आहे, पावणेतीनशे डॉलर. त्यावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण मांडणी चाचांच्या वहीसारखी आहे: जगायला काय लागतं ते एका बाजूला, कमाई दुसऱ्या बाजूला. आपल्या राज्याच्या जाहिरातीत असेच पाच रकाने असावेत. तिथल्या चलनात कापून हातात येणारा पगार. आठवड्याचे तास. राहायची सोय कोणाची, आणि नसेल तर त्या गावात एका खोलीचं भाडं. जाण्याआधी एजंटला, परीक्षेला, भाषेच्या क्लासला, विमानाला लागणारा पैसा. आणि शेवटी, हवा असेल तर, उरणाऱ्या पैशांचा रुपयांतला आकडा, दराच्या तारखेसकट. यात कोणाला जायला अडवायचा हेतू नाही. मी स्वतः गेलो होतो आणि परत आलो तेव्हा डोंबिवलीत दोन खोल्या घेण्याइतके पैसे घेऊनच आलो.

एक फट चाचांच्या हिशेबातही होती, ती मला उशिरा दिसली. उजव्या पानावरचे भाव स्थिर राहत नाहीत. त्यांच्या वाडीतल्या दहा घरांत आखाती पैसा आला तसे जांभ्या चिऱ्याचे, वाळूचे आणि गवंड्याच्या रोजाचे दर चढले. स्वतः गवंडी असलेला माणूस मस्कतहून आपल्या घराच्या भिंतींसाठी गावच्या गवंड्याला पैसे पाठवत होता, आणि दर वर्षी तो गवंडी महाग होत होता. त्यांचं घर ठरल्यापेक्षा चार वर्षं उशिरा पुरं झालं.

भाचा ऑक्टोबरात गेला. पहिल्या महिन्याची पगारचिठ्ठी त्याने मला पाठवली, आईला नाही. "मामा, आईला तूच सांग," म्हणाला. मी बहिणीला हातात येणारा आकडा युरोतच सांगितला. तिने अर्थातच विचारलं, "दादा, म्हणजे आपल्यात किती?" मी म्हटलं, महिनाअखेरीला उरेल तेव्हा सांगतो. ती रुसली. जानेवारीत त्याने फोटो पाठवला, केस जरा वाकडेतिकडे कापलेले. सलूनला एकदाही गेलेला नाही. केस कापायचं मशीन घेतलंय, तिथल्याच दुकानातून. २९ युरो.